फलोत्पादन स्पर्धेचा प्रकल्प: नियमपत्रक हातात आल्यापासून परीक्षकांसमोर उभे राहीपर्यंत

शालेय आणि महाविद्यालयीन फलोत्पादन स्पर्धांत दरवर्षी तेच प्रकल्प मागे पडतात, आणि कारणेही तीच असतात. काम उशिरा सुरू होते. दोन-तीन कुंड्यांवर निष्कर्ष काढला जातो. नोंदी शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिल्या जातात. मुलांची मेहनत खरी असते, म्हणून ती अशी वाया गेलेली बघवत नाही. हा लेख कुंडीत किंवा वाफ्यात प्रयोग करून तो स्पर्धेत मांडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. भाजी-फुलांचे नमुने मांडणे आणि वनस्पती ओळखणे या स्पर्धांबद्दल शेवटाकडे लिहिले आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रम चुकल्यामुळेच होतात.

## १. नियमपत्रक वाचा आणि आपला गट ठरवा

‘बागकामाचा प्रकल्प’ या एका नावाखाली चार वेगळी कामे येतात. पहिले, प्रश्न विचारून केलेला प्रयोग. दुसरे, उत्पादन किंवा सुशोभीकरणाचा प्रकल्प, ज्यात हिशोब आणि आधी-नंतरच्या नोंदी लागतात. तिसरे, नमुन्यांचे प्रदर्शन. चौथे, ओळख आणि परीक्षण. प्रत्येकाला गुण देण्याची पद्धत निराळी असते. सुंदर वाफा प्रयोगाच्या गटात नेला तर ‘तुलना कशाशी केली?’ या पहिल्याच प्रश्नावर तो अडकतो.

नियमपत्रकातून पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या: वयाची अट, एकट्याने की गटाने, फलकाची मापे, जिवंत झाडे आणि माती आणायला परवानगी आहे का, आणि झाड किती दिवस स्पर्धकाच्या स्वतःच्या देखभालीत असले पाहिजे. शेवटची अट अनेक ठिकाणी असते, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येते.

## २. तारखेपासून मागे मोजा

झाडाला घाई करता येत नाही. म्हणून स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत पेरणीची तारीख काढा. साधारण अंदाज असा: छोटा गोल मुळा पेरणीपासून २५ ते ३० दिवस, पालक ३५ ते ४५, लेट्यूस ४५ ते ६०, झुडपी घेवडा ५० ते ६०, झेंडूला फूल यायला ५५ ते ६५. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत लावणीला येते आणि तिथून पहिली फळे पिकायला आणखी ६० ते ८० दिवस जातात. थंड हवेत हे आकडे वाढतात.

या दिवसांत चार गोष्टी मिळवा: बियाण्याची उगवण चाचणी ८ दिवस, मातीचे मिश्रण करून मुरू देणे १० दिवस, आकडेमोड आणि फलक १० दिवस, आणि पेरणी फसली तर पुन्हा पेरायला १५ दिवस राखीव. पालकाचे ४० दिवस धरले तर बेरीज ८३ होते, म्हणजे जवळपास १२ आठवडे. टोमॅटोला याच हिशोबाने चार ते पाच महिने लागतात.

पहिलाच प्रकल्प असेल तर पालक किंवा लेट्यूस घ्या. वाढ लवकर दिसते, पाने मोजता येतात आणि शेवटी वजन करता येते. टोमॅटोचा मोह अनेकांना होतो, पण फळांपर्यंत पोहोचण्याआधी स्पर्धा उरकलेली असते.

तपासा: राखीव १५ दिवस धरूनही तारीख जुळत नसेल तर पीक बदला, राखीव दिवस कापू नका.

## ३. प्रश्न एका ओळीत लिहा

‘सेंद्रिय खताचे फायदे’ हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: ‘मातीत एक चतुर्थांश कोकोपीट मिसळल्याने ४० दिवसांच्या पालकाच्या ताज्या वजनात फरक पडतो का?’ (कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा.) यात काय बदलणार, काय मोजणार आणि कधी मोजणार हे तिन्ही आले. बदलायची गोष्ट एकच. खतही वेगळे, कुंडीही वेगळी आणि पाणीही वेगळे असेल, तर फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

दोन खतांची तुलना करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एका कुंडीत मूठभर गांडूळखत आणि दुसरीत चमचाभर युरिया टाकणे ही तुलना होत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते. गांडूळखतात ते खूप कमी, साधारण एक-दोन टक्के, आणि प्रत्येक ढिगात वेगळे. १ ग्रॅम नत्रासाठी युरिया सुमारे २.२ ग्रॅम लागतो, तर दीड टक्का नत्राचे गांडूळखत ६७ ग्रॅमच्या आसपास. हा फक्त तुलनेचा हिशोब आहे. कुंडीला द्यायची मात्रा पिकाप्रमाणे ठरवा. शिवाय सेंद्रिय खतातले नत्र हळूहळू मोकळे होते, त्यामुळे महिनाभराच्या प्रयोगात ते सगळे पिकाला मिळत नाही. हे फलकावर स्वतःहून लिहिले तर परीक्षकांना विचारावे लागणार नाही.

गाणी ऐकवल्यावर झाडे वाढतात का, हा विषय माझ्या मते टाळावा. दोन कुंड्या दोन खोल्यांत ठेवल्या की उजेड, तापमान आणि वारा, सगळेच बदलते. ते समान ठेवण्याची सोय शाळेत क्वचितच असते.

## ४. कुंड्या किती आणि कुठे

सगळ्यांत जास्त प्रकल्प इथे बिघडतात, म्हणून थोडे सविस्तर.

एकाच जातीची, एकाच पाकिटातली दोन रोपेही सारखी वाढत नाहीत. एक कुंडी ‘प्रयोगाची’ आणि एक ‘साधी’ ठेवली तर दिसलेला फरक प्रयोगाचा की रोपाच्या स्वभावाचा, हे ठरत नाही. म्हणून तुलनेतल्या प्रत्येक प्रकाराच्या (उदाहरणार्थ साधी माती हा एक, कोकोपीटचे मिश्रण हा दुसरा) निदान सहा, जमल्यास आठ कुंड्या हव्यात. एकाच प्रकाराच्या या कुंड्या म्हणजे पुनरावृत्ती. यातला एक प्रकार नेहमीच्या पद्धतीचा, काहीही न बदललेला. त्याच्याशीच बाकीच्यांची तुलना होते. तीन प्रकार आणि आठ पुनरावृत्ती म्हणजे २४ कुंड्या. जागा कमी असेल तर प्रकार कमी करा, पुनरावृत्ती नको.

सावधान: एका कुंडीत पाच रोपे असली म्हणजे पाच पुनरावृत्ती झाल्या, असे नाही. ती पाचही रोपे एकच माती, एकच पाणी, एकच जागा वाटून घेतात. त्यांची सरासरी काढून तो कुंडीचा एक आकडा धरा. मोठे विद्यार्थीही ही चूक करतात, आणि जाणकार परीक्षक ती लगेच ओळखतो.

आता जागा. खिडकीजवळ उजेड जास्त, आत जाऊ तसा कमी. गच्चीत भिंतीलगत ऊन उशिरा येते आणि कडेच्या कुंड्या लवकर सुकतात. एका प्रकाराच्या सगळ्या कुंड्या एका रांगेत ठेवल्या तर तुम्ही खताची नाही, जागेची तुलना करत असता. उपाय सोपा आहे. २४ कुंड्यांच्या खिडकीला समांतर चार रांगा करा, प्रत्येकीत सहा कुंड्या. प्रत्येक रांगेत प्रत्येक प्रकाराच्या दोन कुंड्या असू द्या आणि रांगेतली जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘मिसळून ठेवल्या’ एवढे पुरत नाही. हाताने मिसळताना आपण नकळत आवडत्या प्रकाराला चांगली जागा देतो. चारही बाजूंनी जास्तीच्या कुंड्यांची एक ओळ राखण म्हणून ठेवता आली तर उत्तम. त्यांचे मोजमाप करायचे नाही.

कुंड्यांवर प्रकाराचे नाव लिहू नका, फक्त क्रमांक लिहा. कोणता क्रमांक कोणत्या प्रकाराचा हे वहीच्या शेवटच्या पानावर असू द्या. मोजणाऱ्याला प्रकार ठाऊक नसला की मोजमाप निःपक्षपाती होते.

तपासा: कुंड्यांचा नकाशा कागदावर काढला का? त्याचा फोटो घ्या. फलकावर तो लागतो.

## ५. माती आणि बी

सगळ्या कुंड्यांसाठी लागणारी मूळ माती एकाच वेळी, एकाच ढिगात, चाळून मिसळा. रोज थोडी थोडी केली तर पहिली कुंडी आणि शेवटची कुंडी वेगळी होते. प्रत्येक कुंडीत माती तोलून भरा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. प्रयोगच मिश्रणाचा असेल तर मात्र वजनाऐवजी मापाने सारखी भरा. कोकोपीट हलके असते, आणि वजन सारखे ठेवले तर कुंडी ओसंडेल. बहुतेक भाज्यांना मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. चाचणी करून तो आकडा वहीत लिहा. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत ना, एवढे पाणी ओतून पाहा.

बियाणे एकाच पाकिटातले घ्या. वाण, पाकिटावरचा गट क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून ठेवा. मग उगवण चाचणी: ओल्या कागदाच्या घडीत ५० बिया ठेवा, कागद ओला राहील पण पाणी साचणार नाही असे बघा, आठव्या दिवशी मोजा. ४० उगवल्या तर उगवण ८० टक्के. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर ते पाकीट बाजूला ठेवा.

## ६. पेरणी, विरळणी, पाणी

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरा. लेट्यूसच्या अनेक वाणांना उगवायला उजेड लागतो, त्यांच्यावर मातीचा नुसता शिडकावा द्या. सगळ्या कुंड्या एकाच दिवशी पेरा. प्रत्येक कुंडीत हवी त्याच्या दुप्पट-तिप्पट रोपे येतील इतके बी टाका आणि पहिली खरी पाने (बीजपत्रांनंतर येणारी) आल्यावर विरळणी करून, म्हणजे जास्तीची रोपे काढून, सर्व कुंड्यांत सारखी रोपे ठेवा.

विरळणीत मोह होतो तो असा: एका प्रकारात सर्वांत जोमदार रोप राखायचे, दुसऱ्यात मिळेल ते. नियम आधीच लिहा, उदाहरणार्थ ‘मध्यम उंचीची दोन रोपे राखायची’, आणि तो सगळीकडे लावा. नांगे (रोप न उगवलेल्या किंवा मेलेल्या जागा) भरायचे तर त्याच दिवशी पेरलेल्या जास्तीच्या रोपांतूनच आणि पहिल्या आठवड्यातच. नंतर नाही.

रोपे वेगळी वाढवून लावणार असाल तर लावणीआधी ७ ते १० दिवस पाणी थोडे कमी करून आणि उन्हात हळूहळू जास्त वेळ ठेवून ती कणखर करा.

पाण्याबद्दल एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो: सगळ्यांना सारखे पाणी की सगळ्यांत सारखी ओल? दोन्ही एकच वाटते, पण कोकोपीट असलेली कुंडी पाणी जास्त धरते. तिला इतरांइतकेच पाणी रोज दिले तर ती चिखल होऊन मुळे गुदमरतात, आणि तुम्ही लिहिता ‘कोकोपीटने वाढ कमी झाली’. ओल सारखी ठेवायची असेल तर कुंडी पूर्ण भिजवा, पाणी निथळू द्या, वजन करा. तो भरलेल्या कुंडीचा आकडा. पुढे दर वेळी वजन त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत आणण्याइतकेच पाणी द्या. वजनकाटा नसेल तर मातीत बोट खुपसून वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) पाहा आणि दिलेले पाणी मापाने नोंदवा. कोणतीही पद्धत चालेल, मात्र ती लिहिलेली हवी आणि शेवटपर्यंत तीच हवी.

सावधान: पाने मलूल दिसली की लगेच पाणी घालू नका. जास्त पाण्यानेही रोप मलूल होते. आधी माती तपासा.

## ७. मोजमाप आणि नोंदवही

काय मोजायचे त्याची व्याख्या पहिल्या दिवशी ठरवा. उंची म्हणजे कुठून कुठपर्यंत? पाणी घातल्यावर माती बसते, म्हणून मातीपासून मोजलेली उंची आपोआप वाढते. घेवड्यासारख्या सरळ खोडाच्या पिकात बीजपत्रांच्या (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) पेरापासून शेंड्यापर्यंत मोजा. पालक आणि लेट्यूसला उंचीपेक्षा पानांची संख्या आणि सर्वांत मोठ्या पानाची लांबी उपयोगी. पान केव्हा मोजायचे? ‘२ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तेव्हा’ असा नियम करा. शेवटच्या मोजलेल्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधला तर पुढच्या वेळी चूक होत नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि शक्यतो एकाच व्यक्तीने मोजावे. गटाने काम वाटून घ्यायचेच असेल तर एकाने पूर्ण रांग मोजावी. एकाने एक प्रकार आणि दुसऱ्याने दुसरा, असे नको.

शेवटचे वजन हा प्रयोगाचा सर्वांत ठोस आकडा. सगळी रोपे एकाच सकाळी काढा, मुळाची माती धुवा, कागदाने टिपा आणि लगेच ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. ताजे वजन आदल्या दिवशीच्या पाण्यावर हलते. प्रयोगशाळेत ओव्हन असेल तर ६५ ते ७० अंश सेल्सिअसला वाळवून, लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत थांबून सुके वजन घ्या. ते जास्त विश्वासाचे.

नोंदवही बांधीव पानांची असावी, सुट्या कागदांची नाही. पेनाने लिहा. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहा, खोडू नका. तारीख, हवामान, कमाल-किमान तापमान, पाणी, दिसलेली कीड, कुणी मोजले, हे सारे त्यात हवे. मला स्वतःला मातीचे डाग पडलेली, रेघा मारलेली वही स्वच्छ नक्कल केलेल्या वहीपेक्षा किती तरी मोलाची वाटते, कारण त्या वहीतले काम डोळ्यांना दिसते. फलकासाठी स्वच्छ तक्ते वेगळे करा, पण मूळ वही सोबत न्या.

## ८. रोप मेले, कीड आली

उगवलेली रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी होऊ लागली तर ती बहुधा रोपमर. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी ओल फार आणि हवा कमी असली की बळावतात. पाणी कमी करा, दाटी कमी करा, मेलेली रोपे मातीसकट उचला. मावा दिसला तर पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवा. काहीही फवारायचे झाले तर सगळ्या कुंड्यांवर, निरोगी कुंड्यांवरही, एकाच दिवशी. रासायनिक औषध असेल तर ते मोठ्या माणसाने, लेबल वाचून, हातमोजे घालून फवारावे.

मेलेली कुंडी आकड्यांतून गुपचूप काढू नका. ‘कुंडी १७, २२ व्या दिवशी रोपमरने गेली’ असे लिहा आणि उरलेल्या सातांची सरासरी द्या. एकाच प्रकारातल्या तीन-चार कुंड्या गेल्या असतील तर ती माहितीच महत्त्वाची असते.

## ९. आकडे बोलतील तेवढेच बोला

उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. नेहमीच्या मातीतल्या आठ कुंड्यांची वजने ग्रॅममध्ये: ३१, २४, २८, ३५, २७, ३०, २६, ३१. सरासरी २९. मिश्रणातल्या आठ: ३३, २९, ३६, ३१, २७, ३४, ३८, २८. सरासरी ३२. फरक ३ ग्रॅम. ‘मिश्रणाने दहा टक्के वाढ’ असा मथळा लिहायला हात शिवशिवतो. पण पहिला गट २४ ते ३५ मध्ये पसरलेला आहे आणि दुसरा २७ ते ३८ मध्ये. दोन्ही एकमेकांत इतके मिसळले आहेत की हा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. नेहमीची टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारे गणित) लावली तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर तो टिकत नाही. योग्य वाक्य असे: ‘मिश्रणात वजन थोडे जास्त दिसले, पण या प्रयोगातून फरक सिद्ध होत नाही.’

असे लिहिल्याने गुण कमी होतात ही भीती मुलांना घातली जाते. ती चुकीची आहे. फरक न दिसणे हेही उत्तर आहे.

आलेखात सरासरीच्या खांबाबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा रेघेने दाखवा. उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. तो २८ पासून सुरू केला तर ३२ चा खांब २९ च्या चौपट दिसतो.

## १०. नमुने मांडायचे असतील तर

नियमपत्रकात पाच टोमॅटो लिहिले असतील तर पाचच. सहावा ठेवला की नमुना बाद होऊ शकतो. सर्वांत मोठे पाच निवडण्यापेक्षा आकार, रंग आणि पक्वता सारखी असलेले पाच निवडा. एकसारखेपणा, ताजेपणा, वाणाची खूण आणि निर्दोष साल, यांवर गुण असतात. जरुरीच्या दुप्पट नमुने काढा आणि शेजारी शेजारी ठेवून निवडा.

टोमॅटोवर हिरवा देठ राहू द्या. घेवड्याच्या शेंगेला देठाचा तुकडा असावा. मुळा-गाजर पाण्यात बुडवून हाताने हळुवार धुवा. ब्रशने घासले तर साल ओरखडते आणि काही तासांत काळपट पडते. टोकाचे बारीक मूळ तोडू नका. काकडी आणि द्राक्षावरचा नैसर्गिक पांढुरका लेप पुसू नका, आणि चमक यावी म्हणून कशालाही तेल लावू नका. फुले पहाटे किंवा संध्याकाळी कापा, पाण्यात बुडतील ती पाने काढा आणि रात्रभर गार, अंधाऱ्या जागी खोल पाण्यात ठेवा.

तपासा: चिठ्ठीवर वाणाचे नाव आहे का? ‘टोमॅटो’ एवढेच लिहिणे अपुरे.

## ११. ओळख आणि परीक्षणाची स्पर्धा

चित्रे पाहून पाठ केलेली झाडे प्रत्यक्षात ओळखू येत नाहीत. पाने समोरासमोर की एकाआड एक, साधे पान की संयुक्त, कडा कशी, खोड गोल की चौकोनी (तुळस-पुदिन्याच्या कुळात चौकोनी), चीक निघतो का, या क्रमाने प्रत्येक झाड हातात घेऊन पाहायची सवय लावा. शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहायचे असेल तर वंशनामाचे पहिले अक्षर मोठे, प्रजातीनामाचे लहान आणि दोन्ही तिरप्या अक्षरांत. हाताने लिहिताना अधोरेखित करा. वाणाचे नाव एकेरी अवतरणात, सरळ अक्षरांत.

परीक्षणात बहुधा चार नमुन्यांची क्रमवारी लावायची असते. शक्य क्रम २४ असतात, पण घाबरायचे कारण नाही. आधी उघड चांगला आणि उघड वाईट नमुना वेगळा करा, मग मधल्या दोघांकडे वळा. मधले दोन उलटे झाले तर गुण थोडे जातात, पहिला आणि शेवटचा उलटा झाला तर पुष्कळ. कारणे सांगताना तुलना करा: ‘अ हा ब च्या वर, कारण चारही फळांचा रंग सारखा आहे, ब मध्ये एका फळाला देठाजवळ तडा आहे.’

## १२. फलक आणि परीक्षकांचे प्रश्न

फलकावर प्रश्न सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. मग पद्धत, कुंड्यांचा नकाशा, एक तक्ता, एक-दोन आलेख, निष्कर्ष. खतांचे फायदे सांगणारा इंटरनेटवरचा मजकूर नको. तो तुमचा नाही आणि जागा खातो. फोटो पहिल्या दिवसापासून एकाच कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले हवेत.

परीक्षक हमखास विचारतात: हेच पीक का? एवढ्याच कुंड्या का? जागेचा परिणाम कसा टाळला? आकड्यांत न बसणारी कुंडी कोणती, आणि तिचे काय केले? पुन्हा केला तर काय बदलाल? पालकांनी किंवा शिक्षकांनी काय मदत केली? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरळ द्या: ‘माती वाहून आणायला बाबांनी मदत केली, मोजमाप सगळे आम्ही केले.’ गटातल्या प्रत्येकाला संपूर्ण प्रयोग सांगता आला पाहिजे. ‘ते हिला माहीत आहे’ या वाक्याने गुण जातात. आदल्या दिवशी विषय न जाणणाऱ्या कुणाला तरी समोर बसवून फलक समजावून सांगा. जिथे तो माणूस दुसऱ्यांदा विचारतो, तिथला मजकूर बदला.

निघण्याआधी पेटीत भरायचे: मूळ नोंदवही, नियमपत्रकाची प्रत, जादा चिठ्ठ्या, कात्री, चिकटपट्टी, टिपकागद, छोटी झारी, नमुन्यांमध्ये घालायला मऊ कागद. कुंड्या नेणार असाल तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी नाही. ओल्या कुंडीतून प्रवासात माती सांडते आणि फलक खराब होतो.